एकने कमी

गठ्ठ्यात आपल्या मुलीची वही जिथे येईल तिथेच तपासायची, शोधून वर काढायची नाही, असा तिने स्वतःला घालून घेतलेला नियम होता. आज ती एकोणतिसावी आली. निळं कव्हर, कोपरा मऊ पडलेला, आत पानाच्या डोक्यावर फार मेहनतीने काढलेली आणि तरीही उताराला लागलेली तारीख. मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. बाकीच्या वह्यांवर धावतं तसं लाल पेन धावू लागलं. सहा अधिक तीन नऊ, बरोबर. पाच अधिक दोन सात, बरोबर. सात अधिक चार अकरा, नऊ अधिक तीन बारा, आठ अधिक चार बारा, सगळं बरोबर. आठ अधिक पाच बारा. पेन बरोबरची खूण करून पुढे गेलं, थबकलं आणि मागे आलं. नऊ अधिक सहा चौदा. सात अधिक सात तेरा. तिथून खाली शेवटपर्यंत तसंच. बारापैकी पाच बरोबर, सात चूक. एका मुलाने चौदा अधिक काहीतरी पन्नास लिहिलं होतं, त्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. पण हे चूक असं चूक नव्हतं. ही उत्तरं बरोबर उत्तराच्या अगदी दारापर्यंत येऊन, चपला काढून, आत न येता बसली होती.

समोर चित्रकलेच्या बाई ब्रश धुऊन उन्हात मांडत होत्या. त्यांना माणसाचा चेहरा बघून वर्गातलं कळायचं. "कोणाची वही गं? पोटात दुखल्यासारखी बसलीयस."

"मुंगीची."

मुंगी हे घरातलं नाव, पण शाळेतल्या सगळ्या बायांनी ते केव्हाच उचललं होतं. फक्त वर्गात ती मुलीला पटावरच्या नावाने हाक मारायची आणि मुलगी तिला बाई म्हणायची. पहिलीची तुकडी एकच, त्यामुळे इलाज नव्हता. वर्गाच्या उंबऱ्याच्या आत बाई, बाहेर आई, असं जूनमध्येच ठरलं होतं, आणि मुंगीने ते इतकं मनावर घेतलं होतं की एकदा उंबऱ्यावर ठेच लागली तेव्हा रडण्याआधी ती क्षणभर गोंधळली होती.

"मग आता यादीत नाव घालणार तिचं?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं.

यादी. उद्या सकाळी मोठ्या बाईंच्या टेबलावर यादी जायची होती. चाचणीत निम्म्याच्या खाली गेलेली मुलं उद्यापासून रोज दोन तास वरच्या मजल्यावरच्या सराव वर्गात बसणार. चित्रकला नाही, खेळाचा तास नाही. नियम मोठ्या बाईंचा, पण जूनच्या सभेत त्याला मान पहिली तिनेच डोलावली होती. तोवर चार नावं झाली होती. पाचवं आत्ता समोर उघडं पडलं होतं. ते लिहिलं नाही तर ती कोणत्या तोंडाने बाकीच्या चार आयांसमोर उभी राहणार? आणि लिहिलं तर संध्याकाळी कोणत्या तोंडाने घरी जाणार?

तिने चाचणी परत पाहिली, रोगी बघावा तशी. डोळे? फळ्यावरचं नीट उतरवलं होतं, म्हणजे डोळे ठीक. कॉपी? शेजारच्या मुलीची बाराही बरोबर होती. अशक्तपणा? रविवारी दात पडला त्या दिवशी जेवली नव्हती, पण त्यालाही आता चार दिवस झाले. मग मुद्दाम? सहा वर्षांचं मूल मुद्दाम एकेक कमी लिहील का, आणि कोणाला छळायला, आईला की बाईला? काळजीची तिला सवय होती, काळजी हे तिचं दुसरं घड्याळ होतं. मूल जन्मलं तेव्हा नर्सने कपड्यात गुंडाळलेला तो लालभडक जीव पुढे धरून म्हटलं होतं, "मोजून घ्या, दहा आहेत." थट्टाच होती ती. पण तिने खरोखर मोजली होती, एकेक बोट उलगडून. बाळाने मूठ मिटली म्हणून पहिल्यापासून परत मोजली होती, आणि ती दहा निघाल्यावर आयुष्यात कुठलाच हिशेब इतका पूर्ण आला नव्हता असं वाटून रडली होती. पुढे कितीतरी दिवस झोपलेल्या बाळाचे श्वास मोजले होते. नवरा म्हणायचा, "अगं, मीटर लाव तिला." तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या मते जगातली कुठलीही गोष्ट अडकली की आधी दार नीट लागलंय का ते बघायचं.

आणि तीच बाई वर्गात उभी राहून म्हणायची, "बोटं बंद. हात डोक्यावर." प्रशिक्षणाच्या वर्षी एका सरांनी सांगितलं होतं की बोटं म्हणजे कुबड्या, जितक्या लवकर काढून घ्याल तितक्या लवकर मूल चालायला लागेल. ती पहिल्या बाकावर बसून हे लिहून घेत होती, तिचं अक्षर चांगलं होतं, तिला सगळं पटायचं. नोकरी लागल्यावर तिने ते अमलात आणलं. तोंडी गणिताच्या तासाला अडतीस मुलं अडतीस जोड्या हात डोक्यावर ठेवून बसत आणि ती बेरजा घालत वर्गातून फिरे. पहिली संख्या मनात ठेवा, दुसरी पुढे मोजा. मनात म्हणजे कुठे, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. दुसरीच्या बाई कौतुकाने म्हणत, "तुमची मुलं बोटं मोजत नाहीत हो, आमच्याकडे चौथीपर्यंत मोजतात." त्या कौतुकाने तिला महिनाभर हलकं वाटलं होतं.

शाळा सुटल्यावर मुंगी तिच्या शेजारून नेहमीसारखी चालली, पदपथाच्या कडेवरून, एक पाय वर एक पाय खाली. वाटेत चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानापाशी थांबली, यंत्रातून उडणारा पितळेचा भुगा बघितला. आईला स्वतःचाच राग येत होता, कारण ती मुलीकडे बघत नव्हती, मुलीतल्या चुकीकडे बघत होती. मूल म्हणजे काय कोडं आहे का? पण लहानपणापासून तिला बघण्याचंच वळण होतं. तिची आई नर्स, दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत घर. शाळेतून आली की ती वॉर्डाच्या दारात बसून आईला नाडी मोजताना बघायची. आई घड्याळाकडे डोळे लावून, दुसऱ्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवून अशी काही दूर निघून जायची की ती मुलगी हाक मारायला घाबरायची. एकदा न राहवून मारलीच. आई चिडली नाही. रोग्याला म्हणाली, "आजोबा, परत मोजते हं, आमच्याकडे पाहुणे आले." आणि परत पहिल्यापासून.

घरी चहा उकळत होता. मुंगी ओट्यावर बसून दोन ओले पेले दोन हातांत धरून होती, पुसायला दिलेले, पण एकमेकांवर टिचवून त्यातून आवाज काढत होती. मुलीचे दोन्ही हात गुंतलेले आहेत हे आईला दिसलं, आणि सहज विचारावं तसं तिने विचारलं, "मुंगे, आठ आणि पाच किती?"

पेले थांबले. मुंगीची नजर चहाच्या पातेल्यावर गेली आणि तिथेच पण फार लांब राहिली. ती दूरची नजर आईने ओळखली. वॉर्डाच्या दारातून ती कितीदा पाहिली होती! ओठ मिटलेले होते. पण खालच्या ओठाखाली, हनुवटीच्या वर, काहीतरी हळूच सरकत होतं, पडद्यामागून कोणी चालत जावं तसं.

"बारा."

"काय चघळतेयस?"

"काही नाही."

"आ कर बघू."

मुंगीने आ केला. आत काही नव्हतं. गुलाबी, स्वच्छ, रविवारची एक रिकामी जागा. मिटल्यावर तिने आईकडे असं पाहिलं, जसं झडती झाल्यावर माणूस पाहतो. मग तिने तो प्रश्न विचारला.

"आत्ता तू आई आहेस का बाई?"

चहा उतू जायला आला होता, तिने गॅस बंद केला. हा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नव्हता, आणि ती सारखी स्वतःला विचारत होती. "आई," ती म्हणाली. "घरात आईच असते ना मी."

"मग सांगते. पण बाईंना नाही सांगायचं."

"नाही सांगणार."

"शप्पत नको, नुसतं नाही म्हण."

"नाही."

मुंगीने पेले बाजूला ठेवले, जवळ सरकली आणि गुपित सांगायचं म्हणून उगाचच आवाज बारीक केला. ती दातांवर मोजत होती. खालच्या दातांवर, जिभेने. डावीकडून सुरुवात. "खाली दहा असतात, माहितेय का तुला? बोटांएवढेच." पहिले दोन जाडे, तिसरा टोकदार, तो तीन. मग चार, मग पाच, पाच मधला. मधल्यानंतर सहा. टोकदार परत आला की आठ. ती तोंड उघडून प्रत्येक दाताला बोट लावून दाखवत होती, त्यामुळे आकडे ओले आणि अर्धवट येत होते. हात डोक्यावर असले तरी जीभ आतच असते आणि कोणाला दिसत नाही. जुलैपासून हे चाललं होतं. सगळी गणितं बरोबर येत होती. रविवारी पाच पडला.

"मग आता पाच आला की काय करतेस?"

"तिथे जाते. पण तिथे कोणी नाहीये. मग काही म्हणत नाही आणि पुढच्याकडे जाते."

"अगं, पण ती जागा मोजायची ना."

मुंगीला आईची कीव आली. "आई, जो नाहीच त्याला कसं मोजायचं?"

दुसरी संख्या चारपर्यंत असली की बरोबर, पाचपासून पुढे सगळी एकने कमी. अडतीस वह्यांच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात शिस्तीचं, सगळ्यात प्रामाणिक गणित त्या निळ्या वहीत होतं, आणि तिने त्यावर सात फुल्या मारल्या होत्या. तिला हसू आलं, आणि ते तिने चहाबरोबर गिळलं. ज्या मुलीची बोटं आपण दोनदा मोजली तिला आपण ती लपवायला लावली. तिने लपवली. आणि मोजायचं थांबवलं नाही, आणखी आत, जिथे बाई पोचणार नाही तिथे, दुसरी दहा शोधून काढली. हे शिकवलं कोणी? आणि मग इतक्या वर्षांनी अचानक वॉर्डातली ती फरशी दिसली, आईच्या पांढऱ्या बुटाचं टोक दिसलं. नाडी मोजताना आईचे ओठ हलत नसत, हात हलत नसे, पण बुटाचं टोक प्रत्येक ठोक्याला किंचित उचललं जाई. दाराशी बसलेल्या उंचीवरून ते नेमकं डोळ्यासमोर असायचं. आई मनात मोजत नव्हती. आई बुटात मोजत होती.

"बाकीचे काय करतात गं?" तिने शक्य तितक्या आईच्या आवाजात विचारलं.

"सगळे कुठे ना कुठे मोजतात. खिडकीजवळचा आहे ना, तो बुटात पायाची बोटं हलवतो. माझ्या शेजारची पुढच्याच्या स्वेटरच्या पट्ट्या मोजते, म्हणून तो आला नाही की तिला येत नाही. आणि तो सारखा शिंकतो तो डोक्यावरच मोजतो, केसांच्या आत बोटं हलवून. बाईंना वाटतं त्याला खाज येते." मुंगी हसली, मग एकदम गंभीर झाली. "हे पण नाही सांगायचं."

"नाही."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्यालाही तिने सांगितलं नाही. नाही म्हणजे नाही. पण ते साधं नाही जेवणापर्यंत केवढं जड झालं! नुसतं खरं सांगितलं की नाव यादीतून निघणार होतं. मोठ्या बाईंना म्हणायचं, अहो, पोरीला गणित येतं, तिचा दात पडलाय. दोन वाक्यांचं काम. पण ती दोन वाक्यं आईजवळ होती आणि बोलायची होती बाईंना, आणि मध्ये ओट्यावर बसलेली एक मुंगी होती जिने आयुष्यात पहिल्यांदा या दोन बायका वेगळ्या आहेत यावर भरवसा ठेवून गुपित सांगितलं होतं. तो भरवसा एकदा मोडला की मूल आणखी आत जाणार. दातांच्याही आत. तिथे मग कोणाची जीभ पोचणार?

सकाळी मोठ्या बाई टेबलावरची फुलदाणी पुसत होत्या. यादीचा कागद त्यांनी चष्मा न लावता लांब धरून वाचला. पाच नावं. पाचव्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"मला यांना वर पाठवायचं नाहीये," ती म्हणाली. "पंधरा दिवस द्या. सराव मी माझ्याच वर्गात घेते, सगळ्यांचाच."

"अडतीस मुलांचा सराव वर्ग म्हणजे वर्गच झाला की."

"हो. वर्गच."

"चाचणीत काय वाईट होतं?"

"चाचणीत नाही. माझ्या शिकवण्यात."

"काय ते तरी सांगा."

कारण सांगण्यासारखं एकच होतं आणि ते तिचं नव्हतं. मोठ्या बाईंनी कागद खाली ठेवला. त्या वाईट नव्हत्या, तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ आया पाहिल्या होत्या एवढंच. "यादीत फक्त ती चार नावं असती तर तुम्ही आला असतात का हो हे मागायला? पोटची पोर यादीत आली की शिकवणं चुकतं. नाही का?"

कानाच्या पाळ्या तापल्या. यात खोटं काय होतं? चार नावं तर काल दुपारीच लिहून झाली होती, निमूटपणे, चांगल्या अक्षरात. "नसते आले," ती म्हणाली. "म्हणूनच आले."

मोठ्या बाईंनी चष्मा शोधून लावला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "पंधरा दिवस. मग मी स्वतः मागच्या बाकावर येऊन बसेन. आणि यादी माझ्याकडेच राहील, पाचही नावांसकट."

तोंडी गणिताच्या तासाला अडतीस जोड्या हात आपोआप डोक्यावर गेले. शिंकणाऱ्या मुलाच्या केसांत काहीतरी हललं, तिने दुसरीकडे बघितलं. बाईंना काही माहीत नव्हतं, बाईंना काही माहीत असून चालणार नव्हतं. रात्रभर तिने एक नाटक बसवलं होतं. आज बाई स्वतः परीक्षा देणार, बाई अडखळणार, बाई बोटं काढणार. अडखळण्याचा अभिनय तिने दात घासताना आरशासमोर करूनही पाहिला होता.

"आज तुम्ही मला विचारायचं," ती म्हणाली आणि खुर्चीत बसून दोन्ही हात डोक्यावर ठेवले. वर्गात कुजबुज पसरली. "पण आकडे नकोत, ते मला पाठ आहेत. अक्षरं विचारा. अमक्या अक्षराच्या पुढचं तिसरं, पाचवं कुठलं, असं."

"बाई, 'ट'च्या पुढचं सातवं!" शिंकणारा ओरडला.

तिने तोंड उघडलं, आणि नाटक सुरू करायची वेळ आलीच नाही. ट. ठ, ड, ढ... किती झाली? 'ट' धरायचा की नाही? ती परत मागे गेली. ण, त. हे पाचवं का सहावं? मनात अक्षरं होती पण मोजायला तिथे काहीच नव्हतं, पायरी नाही, कठडा नाही, नुसती निसरडी पोकळी. हातांना वर रग लागली. अडतीस तोंडं वाट बघत होती. आणि सहा महिने ही मुलं रोज इथे, या पोकळीत, एकटी उभी होती.

"थ," ती म्हणाली.

तिसऱ्या बाकावरून एक घाबरा आवाज आला, "बाई, 'द' येतं."

"नाही, 'थ'च," ती चिडून म्हणाली. चिडकेपणा अगदी खरा होता. मग तिने हात खाली घेतले, टेबलावर मांडले आणि सगळ्यांच्या समोर एकेक बोट उघडत गेली, ठ, ड, ढ, ण, त. एका हाताची संपली. दुसऱ्याची उघडली, थ. आणि सातव्या बोटावर द.

"एकने चुकलं माझं," ती म्हणाली.

"बाईंनी बोटं मोजली!" कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळा वर्गच हसला. थट्टेचं हसू नव्हतं ते, अडकलेली लिफ्ट एकदम सुरू झाल्यावर आतली माणसं हसतात तसं होतं. हात कोणी खाली घ्या म्हटलं नव्हतं, पण खाली आले. कोणी मांडीवर, कोणी बाकावर, खिडकीजवळच्याने तर बूटच काढला. मुंगीच्या शेजारचीने पुढच्या मुलाचा स्वेटर ओढून सरळ केला. फक्त मुंगीने हात डोक्यावरच ठेवले होते आणि ती बाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, इतकं निरखून की बाईंना फळ्याकडे वळावं लागलं.

शाळा सुटल्यावर मुंगी चाव्यांच्या दुकानापाशी थांबली. यंत्र आज बंद होतं. ती पदपथाच्या कडेवर चढली, म्हणजे तिचं तोंड आईच्या खांद्यापाशी आलं.

"तू त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"थोडंसं पण नाही?"

"अजिबात नाही."

"मग त्यांनी का बोटं काढली?"

"त्यांना येईना म्हणून."

"खरंच येत नव्हतं का नाटक करत होत्या?"

"करणार होत्या नाटक," आई म्हणाली. "पण खरंच आलं नाही."

मुंगी कडेवरून चालत राहिली. एक पाय वर, एक पाय खाली. "रडल्या असतील."

"थोड्याशा. मधल्या सुट्टीत."

"बिचाऱ्या." दोन पावलं. "मग उद्या मीच सांगते त्यांना दातांचं. कधीकधी हातात सामान असतं ना, तेव्हा त्यांना लागेल."

समोरून सायकल आली म्हणून तिने मुलीला आत ओढलं, आणि ओढलेला हात मग सोडला नाही.

"सांग," ती म्हणाली. "पण हळूच सांग हं. त्या घाबरतात पटकन."

"माहितेय मला," मुंगी म्हणाली.